एकमेकांवर आलेल्या वेळा जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हजेरी आणि पगाराच्या सॉफ्टवेअरवर मी मुंबईत काम करते. टीममध्ये नव्याने आलेली मुलं, मुलाखतीची तयारी करणारे विद्यार्थी, सोसायटीच्या हॉलचं बुकिंग एक्सेलमध्ये सांभाळणारे काका, सगळे या ना त्या रूपात एकच गोष्ट विचारतात: एकमेकांवर आलेले कालावधी एकत्र कसे करायचे? त्यांना दिलेली उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. कोड कुठल्याही एका भाषेतला नाही, मराठीत लिहिलेल्या पायऱ्या आहेत. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, जे येत असेल त्यात उतरवा. भाषेगणिक जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

कालावधी ‘जोडणं’ म्हणजे नेमकं काय?

रविवारचा मेगाब्लॉक घ्या. समजा मुख्य मार्गावर सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५ आणि हार्बरवर ११.१० ते ४.१० असा ब्लॉक आहे. ‘कुठे ना कुठे ब्लॉक चालू आहे’ असा एकूण वेळ किती? पहिला ब्लॉक २९० मिनिटांचा, दुसरा ३०० मिनिटांचा. बेरीज ५९० मिनिटं, म्हणजे जवळजवळ दहा तास. पण मुंबईकराच्या रविवारचे दहा तास काही गेलेले नाहीत. ११.१० ते ३.५५ ही २८५ मिनिटं दोन्हीकडे आहेत आणि बेरजेत ती दोनदा धरली गेली. खरं उत्तर ११.०५ ते ४.१०, म्हणजे ३०५ मिनिटं, पाच तास पाच मिनिटं.

दोन कालावधी असले तर हे डोळ्यांनीही दिसतं. दोन हजार असले की प्रोग्रामला सांगावं लागतं. एकमेकांवर चढलेले तुकडे जोडून त्यांचा एकेक सलग तुकडा करायचा आणि जे वेगळे आहेत ते वेगळेच ठेवायचे, एवढंच काम.

मग कोड कसा लिहायचा?

सुरुवातीच्या वेळेप्रमाणे यादी लावायची आणि एकदाच वरून खाली जायचं.

यादी = सुरुवातीच्या वेळेनुसार लावलेली यादी
निकाल = रिकामी यादी
यादीतल्या प्रत्येक (सुरू, शेवट) साठी:
— निकाल रिकामा असेल, किंवा सुरू > निकालातल्या शेवटच्या तुकड्याचा शेवट:
—— निकालात (सुरू, शेवट) हा नवा तुकडा घाला
— नाहीतर:
—— निकालातल्या शेवटच्या तुकड्याचा शेवट = (त्याचा जुना शेवट, नवा शेवट) यांतला मोठा

संपलं. या सात ओळींत चूक करायला तीन जागा आहेत: यादी लावणं, ‘>’ हे चिन्ह आणि ‘यांतला मोठा’ हे शब्द. पुढचे बरेचसे प्रश्न फिरून फिरून या तीन जागांवरच येतात.

सुरुवातीप्रमाणेच का लावायचं? शेवटाप्रमाणे लावलं तर?

सुरुवातीप्रमाणे लावलं की एक हमी मिळते. हातातला तुकडा १० वाजता संपतो आणि पुढचा ११ ला सुरू होतो, तर त्याच्यानंतरचे सगळे ११ ला किंवा त्याच्याही नंतरच सुरू होणार. म्हणजे हातातला तुकडा आता कायमचा बंद झाला, मागे वळून बघायचं काम नाही.

शेवटाप्रमाणे लावून वरून खाली आलात तर ही हमी राहत नाही. ९ ते १०, ११ ते १२ आणि ८ ते १३ असे तीन घ्या. शेवटाप्रमाणे क्रम हाच राहतो. पहिले दोन वेगवेगळे म्हणून तुम्ही निकालात टाकून मोकळे होता आणि मग ८ ते १३ येऊन दोघांनाही पोटात घेतो. आता मागे जाऊन दुरुस्ती करा. (शेवटाप्रमाणे लावून खालून वर गेलात तर मात्र चालतं. आरशात बघितल्यासारखी तीच पद्धत आहे.)

सगळ्यात जास्त होणारी चूक कुठली?

‘यांतला मोठा’ विसरणं. लोक घाईत सरळ ‘शेवट = नवा शेवट’ लिहितात. पुढचा कालावधी नंतर सुरू होतो म्हणजे नंतरच संपत असणार, असं मनात बसलेलं असतं. तसं काही नसतं. एक कालावधी दुसऱ्याच्या पूर्ण पोटात असू शकतो.

ही चूक मी स्वतः चालू सिस्टीममध्ये पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लोअर परळच्या एका इमारतीत सफाईचं काम कंत्राटावर होतं. हजेरी दोन ठिकाणांहून यायची: गेटवरच्या मशीनचा पंच आणि सुपरवायझरच्या मोबाइलमधली मजल्यावरच्या कामाची नोंद. दोन्ही जोडून कामाचे तास काढायचे आणि त्यावर ओव्हरटाइम. एके दिवशी तिथल्या एक मावशी आमच्या टेबलाशी आल्या, हातात शाळेच्या वहीसारखी छोटी वही. “ताई, माझे साडेदहा तास भरलेत. यात सातच कसे आले?”

वहीत रोजची येण्या-जाण्याची वेळ पेनाने लिहिलेली होती. त्या दिवशीच्या चार नोंदी मी काढल्या:

गेट मशीन: ७.०० ते १६.००
सहावा मजला: ८.०० ते १०.००
नववा मजला: ११.३० ते १३.००
तळमजला, जादा काम: १५.०० ते १७.३०

चार वाजता पाळी संपली म्हणून त्यांनी गेटवर पंच केला होता, पण तळमजल्याचं जादा काम साडेपाचपर्यंत चाललं. आता चुकीचा कोड काय करतो ते कागदावर चालवून बघा. हातात ७ ते १६. पुढचा ८ ला सुरू होतो, १६ च्या आत, म्हणून जोडला, पण शेवट १० करून टाकला. हातात राहिलं ७ ते १०. पुढचा ११.३० ला, म्हणजे फट पडली, नवा तुकडा. मग १५ ला पुन्हा नवा तुकडा. निकाल: तीन तास, दीड तास, अडीच तास. एकूण सात. ‘यांतला मोठा’ घातल्यावर शेवट १६ च राहतो, शेवटची नोंद त्याला १७.३० पर्यंत नेते आणि उत्तर येतं ७ ते १७.३०. साडेदहा तास. मावशींच्या वहीत होते तेवढेच.

जे साडेतीन तास गेले त्यांत ओव्हरटाइमचा भाग होता आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने असतो. आम्ही मागचे चार महिने पुन्हा चालवले, बऱ्याच जणींचे तास कमी लागले होते, फरक पुढच्या पगारात गेला. ही चूक इतके दिवस कुणाच्या लक्षात का आली नाही? कारण बहुतेक दिवशी नोंदी एकापाठोपाठ एक असायच्या, पोटात नसायच्या. अशा दिवशी दोन्ही कोड सारखंच उत्तर देतात.

एक कालावधी १ वाजता संपतो, दुसरा १ वाजता सुरू होतो. जोडायचे की नाही?

हे कोड ठरवत नाही, तुम्ही ठरवायचं. ‘>’ लिहिलंत तर टेकलेले तुकडे जोडले जातात, ‘>=’ लिहिलंत तर वेगळे राहतात.

कामाचे तास मोजताना जोडा. बेरीज तीच राहते आणि निकाल सुटसुटीत दिसतो. हॉलच्या बुकिंगमध्ये मात्र सकाळचं बारसं १ ला संपलं आणि दुपारचं हळदीकुंकू १ ला सुरू झालं, तर ती दोन वेगळी कुटुंबं आहेत. तिथे जोडू नका, आणि दोघांत ‘टक्कर’ आहे असंही दाखवू नका.

यातून सुटायचा चांगला मार्ग म्हणजे सुरुवात धरायची, शेवट धरायचा नाही. ९ ते १ म्हणजे ९ चा क्षण आत, १ चा क्षण बाहेर. संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये एका टिपणात आकड्यांच्या बाबतीत हेच मांडलं होतं: असं लिहिलं की लांबी साध्या वजाबाकीने निघते आणि शेजारचे दोन तुकडे एकमेकांना बरोबर टेकतात, मधे ना फट ना पुनरुक्ती. वेळेच्या बाबतीत मी हा नियम कधीच मोडत नाही.

तारखा असतील तर सावध राहा. ‘३ ते ५ तारीख रजा’ म्हणताना आपण ५ तारीखसुद्धा धरतो. ‘६ ते ८’ ही पुढची रजा खरं तर सलग आहे, पण ६ > ५ म्हणून कोड तिला वेगळी ठेवेल. आत घेतानाच शेवटात एक दिवस मिळवा (३ ते ६, ६ ते ९), जोडा आणि दाखवताना पुन्हा एक दिवस वजा करा.

दोन कालावधींमध्ये एकूण किती प्रकारची नाती असू शकतात याचं वर्गीकरण संगणकशास्त्रज्ञ जेम्स ॲलन यांनी १९८३ मध्ये केलं. ती तेरा आहेत. दोनांत मधे फट असते, दोनांत नुसतं टेकणं, उरलेल्या नऊमध्ये वेळ खरोखर सामाईक असतो. जोडणीच्या कोडमध्ये तेरा वेगवेगळे ‘जर’ लिहिणारेही मला भेटले आहेत. यादी लावून घेतली की एका तुलनेत भागतं.

मधे दहा मिनिटांची फट असेल तर सलग धरता येईल का?

येईल. तुलना ‘सुरू > शेवट + सवलत’ अशी करा. पण दोन गोष्टी आधी ठरवून, लिहून घ्या. फटीचा वेळ कामात मोजायचा की नाही? आणि सवलत किती? साखळी जुळली की पाच-सहा फटी मिळून तासभर होतो. चहाची सुट्टी पगारी की बिनपगारी हे प्रोग्रामरने चिन्ह बदलून ठरवू नये. ज्याच्या हातात तो निर्णय आहे त्याच्याकडून लेखी घ्या.

वेळ कशी साठवायची? आमच्या शीटमध्ये ९.३० असं लिहिलेलं आहे.

मराठीत आपण साडेनऊ ‘९.३०’ असे टिंब देऊन लिहितो. माणसाला ते कळतं. यंत्राला तो दशांश वाटतो. ९.३० तास म्हणजे ९ तास १८ मिनिटं आणि साडेनऊ म्हणजे ९.५. त्याहून वाईट म्हणजे एक्सेल शेवटचं शून्य खातो: ११.५० चे ११.५ होतात आणि मग ते ११.०५ होते, ११.५० होते की साडेअकरा, हे सांगायला कुणी उरत नाही. ब्लॉकच्या वेळा ११.०५, ३.५५ अशाच छापून येतात, त्यामुळे बातमीतून वेळा उचलणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं.

म्हणून ती संख्या म्हणून वाचूच नका, मजकूर म्हणून वाचा. टिंबावर तोडा, डावा भाग गुणिले ६०, अधिक उजवा भाग. एका दिवसापुरतं काम असेल तर मध्यरात्रीपासूनची मिनिटं हा पूर्णांक सगळ्यात सोयीचा: ७.०० म्हणजे ४२०, १७.३० म्हणजे १०५०. दशांश संख्या वापरल्यात की कधीतरी दोन टेकलेले तुकडे एका सूक्ष्म फरकाने वेगळे पडतील.

आकडे देवनागरीत असतील तर? पायथनचं पूर्णांकात रूपांतर करणारं फंक्शन ‘११’ सुद्धा अकराच समजतं, जावाचंही तसंच. जावास्क्रिप्ट मात्र ‘ही संख्या नाही’ असं उत्तर देतं. तिथे आधी अंक बदलून घ्या.

मध्यरात्र ओलांडणारी पाळी कशी हाताळायची?

रात्री १० ते सकाळी ६ हे मिनिटांत १३२० ते ३६० होतं. शेवट सुरुवातीपेक्षा लहान. तसंच आत गेलं तर जोडणीचा निकाल बिघडतो, आणि एरर येत नाही म्हणून कुणाला कळतही नाही. शेवट लहान असेल तर त्यात १४४० मिळवा: १३२० ते १८००. आठ तास बरोबर येतात. सुरुवात आणि शेवट सारखेच असले तर ते शून्य मिनिटं की चोवीस तास, हे नोंदीवरून कळणार नाही. अशा नोंदी बाजूला काढून माणसाला दाखवा.

शक्य असेल तिथे नुसती वेळ न घेता तारीख आणि वेळ दोन्ही घ्या. तिथेही भाषेचा एक घोळ आहे. ‘शनिवारी मध्यरात्री १२.३० वाजता’ म्हणजे शनिवार सुरू होऊन अर्धा तास झाला की शनिवार संपून? रात्रीच्या ब्लॉकच्या बातम्यांत ‘शनिवार-रविवारच्या मध्यरात्री’ असं लिहितात ते याचसाठी. शेवटच्या लोकलने घरी जाणाऱ्यालाही आपण ‘कालच्या रात्री’चाच धरतो. फॉर्म बनवताना वापरणाऱ्याला दोन्ही वार दाखवा, ‘शनिवार संपून रविवार लागल्यावर’ अशा शब्दांत.

भारतात एकच वेळ आहे, तरी टाइमझोनची काळजी का?

कारण सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. पहिल्या लोकलने येऊन पाच वाजता पंच करणाऱ्याची नोंद यूटीसीत आदल्या दिवशीची रात्री ११.३० अशी पडते. दिवसाप्रमाणे गट करून मग जोडलंत, तर त्याची पाळी आदल्या तारखेला जाते आणि आजच्या दिवशी तो गैरहजर दिसतो.

माझा क्रम असा: जोडायचं यूटीसीत, दिवसाचे तुकडे पाडायचे ते आपल्या वेळेत, आणि तेही जोडून झाल्यावर. परदेशी शाखांच्या नोंदी असतील तर यूटीसीला पर्यायच नाही. न्यूयॉर्कमध्ये दर नोव्हेंबरात एका रात्री १ ते २ हा तास दोनदा येतो.

जुनी कागदपत्रं डिजिटल करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली तरी मुंबईत ‘बॉम्बे टाइम’ ही स्थानिक वेळ १९५५ पर्यंत टिकून होती, प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ३९ मिनिटं मागे. प्रोग्रामिंगच्या भाषा टाइमझोनचा जो डेटाबेस वापरतात त्यात अख्ख्या भारताला ‘एशिया/कोलकाता’ हे एकच नाव आहे, बॉम्बे टाइम त्यात नाही. त्या काळातल्या दोन रजिस्टरांतल्या वेळा जोडायच्या असतील तर कुठलं रजिस्टर कुठल्या घड्याळावर होतं हे आधी बघा.

जावास्क्रिप्टमध्ये सकाळच्या नोंदी बरोबर येतात, संध्याकाळच्या आल्या की सगळं बिघडतं. का?

कारण जावास्क्रिप्टचं सॉर्ट काही न सांगता वापरलं तर ते संख्या मजकुरासारख्या लावतं. मजकुरात १०५० हे ४२० च्या आधी येतं, कारण १ हा ४ च्या आधी. मिनिटांत मोजताना हजाराचा टप्पा दुपारी ४.४० ला येतो, म्हणून तोपर्यंत सगळं ठीक दिसतं.

परिणाम वाईट होतो. १०५० ते १२०० आधी हातात आलं, मग ४२० ते ९६०. ४२० काही १२०० पेक्षा मोठं नाही, म्हणून जोडलं, शेवट १२०० च राहिला. सुरुवात १०५० तशीच. सकाळचे नऊ तास गायब, आणि एरर कुठेच नाही. सॉर्टला तुलना करणारं फंक्शन द्या: पहिल्याची सुरुवात वजा दुसऱ्याची सुरुवात. जावामध्ये मात्र वजाबाकी करू नका. मिलिसेकंदांतल्या वेळांची वजाबाकी छोट्या पूर्णांकात मावत नाही आणि चिन्ह उलटतं. तिथे तुलनेसाठी दिलेलं तयार फंक्शन वापरा.

‘आउट’चा पंचच नसेल तर?

ती नोंद जोडणीत घालू नका. ‘आत्ताची वेळ’ टाकून भरू नका, पाळीचा ठरलेला शेवट टाकूनही भरू नका.

पायथन निदान ओरडतं: रिकाम्या किमतीची तुलना करता येत नाही म्हणून थांबतं. जावास्क्रिप्टमध्ये शेवट ‘अनडिफाइन्ड’ असेल तर ‘यांतला मोठा’ काढताना उत्तर ‘संख्या नाही’ असं येतं आणि त्याच्याशी केलेली कुठलीही तुलना खोटी ठरते. म्हणजे ‘सुरू > शेवट’ यापुढे कधीच खरं होणार नाही, आणि त्या दिवसाच्या पुढच्या सगळ्या नोंदी त्या एका तुकड्यात गिळल्या जातात. एका माणसाचा एक पंच राहिला म्हणून. यादी माणसागणिक वेगळी केली नसेल तर पुढच्या माणसांचे तासही त्यातच जातात, तेव्हा आधी माणसागणिक गट करा, मग जोडा.

पायथनमध्ये जोडल्यावर माझी मूळ यादीच बदलली!

निकालात तुम्ही मूळ नोंदच घातली, तिची प्रत नाही. मग तिचा शेवट बदललात तो मूळ यादीतही बदलला. निकालात घालताना नवी जोडी करून घाला.

हजारो-लाखो नोंदींवर हे किती वेगात चालतं?

वेळ जातो तो यादी लावण्यात, ‘एन लॉग एन’ या प्रमाणात, म्हणजे नोंदी दुप्पट झाल्या तर वेळ दुप्पटीहून थोडाच जास्त. नंतरची फेरी एकच. गणितज्ञ व्हिक्टर क्ली यांनी १९७७ मध्ये प्रश्न विचारला होता की कालावधींच्या जोडणीची एकूण लांबी यापेक्षा झटपट काढता येईल का. फ्रेडमन आणि वाइड यांनी १९७८ मध्ये दाखवलं की तुलनांवर चालणाऱ्या पद्धतीने नाही येणार. तेव्हा त्याहून हुशार पद्धत शोधत बसू नका.

पण तुमचं काम एका दिवसाच्या मिनिटांपुरतं असेल तर लावायचीही गरज नाही. १४४० खणांची एक रांग घ्या, प्रत्येक सुरुवातीच्या खणात एक मिळवा, शेवटाच्या खणात एक वजा करा आणि डावीकडून चालू बेरीज करत जा. जिथे बेरीज शून्याहून मोठी, तो वेळ भरलेला.

आधीच जोडलेल्या यादीत एकच नवी नोंद घालायची असेल तर सगळं पुन्हा लावू नका. तिची जागा द्विभाजन शोधाने (दर वेळी यादी अर्धी करत) काढा आणि आजूबाजूचे जे तुकडे तिला लागतात तेवढेच जोडा.

एकत्र करायचं नाही, एका वेळी जास्तीत जास्त किती आहेत ते हवंय.

हा शेजारचा प्रश्न, आपल्याकडच्या मुलाखतींत ‘कमीत कमी किती प्लॅटफॉर्म लागतील’ या रूपात हमखास येतो. सीएसएमटीला अठरा फलाट आहेत, पैकी सात लोकलचे. गाड्यांच्या येण्या-जाण्याच्या वेळा दिल्या, तर किती फलाट पुरतील? येणं म्हणजे अधिक एक, जाणं म्हणजे वजा एक. सगळ्या घटना वेळेप्रमाणे लावा, चालू बेरीज करा, तिची सर्वांत मोठी किंमत हे उत्तर.

इथेही टेकण्याचा प्रश्न येतोच. एक गाडी १०.०५ ला निघते आणि दुसरी १०.०५ ला येते. कागदावर एक फलाट पुरतो. रुळांवर नाही पुरत, आधीची गाडी बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून इथे सारख्या वेळेला ‘येणं’ आधी धरा. बुकिंगच्या हॉलमध्ये ‘जाणं’ आधी धरतात.

हे डेटाबेसमध्येच करता येईल का?

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये चांगलं करता येतं. त्यात कालावधी हा स्वतंत्र प्रकार ९.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून आहे. २०२१ च्या आवृत्ती १४ मध्ये अनेक कालावधींचा एकत्र प्रकार आला, त्यामुळे रेंज-ॲग या एका फंक्शनने जोडणी होते. हॉलच्या बुकिंगला तर मी म्हणेन की जोडत बसण्यापेक्षा टक्कर होऊच देऊ नका. ‘एकाच हॉलचे दोन कालावधी एकमेकांवर येता कामा नयेत’ अशी अट टेबलावरच घालता येते. दोन जणांनी एकाच क्षणी बटण दाबलं तरी एकालाच बुकिंग मिळतं.

दुसऱ्या डेटाबेसमध्ये विंडो फंक्शन (आजूबाजूच्या ओळी बघून हिशोब करणारं फंक्शन) वापरा: आधीच्या सगळ्या ओळींमधला सर्वांत मोठा शेवट काढा, चालू सुरुवात त्याच्यापुढे असेल तिथे नवा गट सुरू. फक्त लगतच्या वरच्या ओळीचा शेवट बघितलात, तर मावशींचे साडेतीन तास तिथेही जातील.

कोडमध्ये ‘सुरू’, ‘शेवट’ अशी देवनागरी नावं चालतात का?

पायथन ३, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये चालतात, काना-मात्रेसकट. गो भाषेत नाही चालत. तिथे नावात फक्त अक्षरं आणि अंक चालतात आणि आपल्या मात्रा जोडचिन्हांत मोडतात. ‘घर’ चालेल, ‘शेवट’ नाही. शिकवताना मी पायथनमध्ये मराठी नावं मुद्दाम वापरते. मुलं तर्कावर लक्ष देतात, स्पेलिंगवर नाही.

चाचण्या कुठल्या लिहू?

रिकामी यादी, एकच नोंद, दोन तंतोतंत सारख्या, टेकलेल्या, एक दुसऱ्याच्या पोटात, उलट्या क्रमाने दिलेल्या, मध्यरात्र ओलांडणारी. यातली पोटातली चाचणी आधी लिहा.

त्यानंतर यादृच्छिक नोंदी तयार करून दोन पद्धतींनी उत्तर काढा, एकदा या कोडने आणि एकदा १४४० खणांनी. दोन्ही एकूण मिनिटं जुळलीच पाहिजेत. शिवाय जोडलेल्या यादीला पुन्हा जोडलं तर काहीही बदलता कामा नये, आणि एकूण वेळ सर्वांत लांब नोंदीपेक्षा कमी किंवा साध्या बेरजेपेक्षा जास्त कधीच येता कामा नये. मावशींच्या दिवशी चुकीचा कोड सात तास सांगत होता आणि एकट्या गेट मशीनची नोंद नऊ तासांची होती. ही एक अट असती तर तो कोड पहिल्याच दिवशी अडकला असता.

निकाल ज्याचा त्याला कसा दाखवावा?

फक्त जोडलेला नाही, ज्या नोंदींपासून तो आला त्यांच्यासकट. जोडताना प्रत्येक तुकड्याबरोबर मूळ नोंदींचे क्रमांक ठेवत जा. एक छोटी यादी, फार जागा घेत नाही. आमच्या स्लिपवर आता असं छापून येतं:

७.०० ते १७.३० — १० तास ३० मिनिटं
नोंदी: गेट ७.०० ते १६.००, सहावा मजला ८.०० ते १०.००, नववा मजला ११.३० ते १३.००, तळमजला १५.०० ते १७.३०

वहीशी ताडून बघायला एवढं पुरतं. मावशी अजून वही लिहितात आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्लिप शेजारी ठेवून एकेक ओळ बोट फिरवत बघतात.